पाच माणसांसमोरचा एक माणूस
(कथाकारांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)

कथेतल्या माणसाला मराठीत दोन शब्द आहेत. एक पात्र, दुसरा व्यक्तिरेखा. पात्र म्हणजे भांडे. लेखक ओतील ते त्यात मावते. रेखा म्हणजे कागदावर ओढलेली रेघ. तिला लांबी असते, जाडी नसते. कथाकार ज्यासाठी जन्मभर झटतो ते वजन, ती जाडी, ती न दिसणारी पाठीमागची बाजू या दोन्ही शब्दांत नाही. समीक्षेने 'भरीव' आणि 'सपाट' ही विशेषणे जोडून ही उणीव भागवली. ही जोडी इंग्रजी समीक्षेतून आली. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्याने दिली आणि ती त्याच वर्षी 'ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या नावाने पुस्तकरूपात आली. एका वाक्यात मावते ते पात्र सपाट. जे वाचकाला चकित करते आणि तरीही पटते ते भरीव, अशी त्यांची कसोटी. शंभर वर्षे होत आली तरी वर्गात तीच शिकवली जाते.

कसोटी चांगली आहे, पण ती वाचकाच्या कामाची. भाकरी टम्म फुगली की नाही हे तिने कळते. पीठ किती मळायचे आणि पाणी किती घालायचे हे कळत नाही. लेखनाच्या शिबिरांतून त्यासाठी दोन युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. पहिली, पात्राची माहितीपत्रिका भरण्याची: वय, उंची, शिक्षण, आवडता रंग, आवडता पदार्थ, लहानपणीची भीती. विवाह मंडळातला अर्ज याहून फार वेगळा नसतो. अर्ज बिनचूक भरून होतो आणि त्यातून माणूस काही भेटत नाही, हे स्थळे पाहिलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दुसरी युक्ती गुणदोषांच्या भेळेची. दुष्ट सावकाराला कुत्र्याचा लळा लावायचा, देवमाणूस मास्तरांना तपकिरीचे व्यसन जोडायचे, म्हणजे दोघेही 'गुंतागुंतीचे' झाले. प्रत्यक्षात होते एवढेच, की एका सपाट पत्र्याच्या पाठीला दुसरा सपाट पत्रा डकवला जातो. दोन पत्रे डकवले म्हणून डबा होत नाही.

डबा होण्यासाठी आत पोकळी लागते, आणि कथेतल्या माणसातली ही पोकळी तयार होते त्याच्या नात्यांच्या मधल्या जागेत. माणूस आईशी एक असतो, वरिष्ठापुढे दुसरा, घेणेकऱ्याला टाळताना तिसरा आणि पोटच्या मुलीसमोर चौथाच. यातला कुठलाही एक खोटा नसतो. या चौघांत जे अंतर पडते, त्याच अंतराला वाचक खोली म्हणतो. म्हणून पात्राचा स्वभाव कसा, हा प्रश्न कथाकाराने फार उशिरा विचारावा. आधी विचारावे, की हा कोणाकोणापुढे वेगळा वागतो आणि कोणापुढचे वागणे कोणापासून लपवतो. स्वभाव हा उत्तरांच्या बेरजेत आपोआप येतो. आधीच ठरवला तर बेरीज करायची वेळच येत नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सुरुवात प्रकारांपासून झाली. भरताच्या नाट्यशास्त्रात नायक चार जातींचे: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. नायिकाही अवस्थेप्रमाणे आठ. ही मांडणी नटासाठी होती, त्यामुळे तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. रंगपटात शिरणाऱ्याला आपण कोण हे झटकन कळणे गरजेचे होते. गंमत अशी, की याच परंपरेतल्या उत्तम नाटककारांनी चौकट वापरली आणि वाकवलीही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक नावाचा ब्राह्मण चोरी करायला चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भोक किती मोठे हवे हे मोजायला दोरी आणायची तो विसरला आहे. मग गळ्यातले जानवे काढतो आणि त्याने भिंत मोजतो. चोरी कशासाठी? आवडत्या मदनिकेला दासीपणातून सोडवायला पैसे हवेत म्हणून. जानवे त्याला वडिलांकडून मिळाले, चोरीची विद्या त्याने स्वतः कमावली आणि मदनिका त्याला हवी आहे. तीन वेगळी नाती एका सुतात एकत्र येतात. त्या जागी शर्विलकाच्या मनाची घालमेल सांगणारे दहा श्लोक असते, तरी त्या मोजमापाइतके काम झाले नसते.

मराठी कादंबरीला हे पहिल्यांदा साधले ते हरी नारायण आपटे यांच्या हाती. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. तिचे वर्णन करायला आपटे फारसे थांबत नाहीत. ते तिला घरे बदलायला लावतात. माहेरची यमू चौकस आणि बोलकी आहे. सासरी आल्यावर तीच मुलगी दाराआडून ऐकायला आणि तोंड मिटून ठेवायला शिकते. नवऱ्याबरोबर मुंबईच्या बिऱ्हाडी गेल्यावर पुन्हा बोलायला लागते, वाचायला लागते. वैधव्य आल्यानंतरचे मौन वाचकाला इतके लागते ते त्यामुळेच: ही गप्प बसणारी बाई नव्हे, हे त्याने मुंबईत पाहिलेले असते. उलट सासरचे शंकरमामंजी सर्वांपुढे एकसारखेच ढोंगी. ते लक्षात राहतात, पण खडूने काढलेल्या चित्रासारखे. एकाच पुस्तकात भरीव आणि सपाट दोन्ही शेजारी पाहायचे असतील तर याहून सोयीचे उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

वामन मल्हार जोशी यांनी 'इंदू काळे व सरला भोळे' पत्रांतून लिहिली, तेव्हा त्यांनी हीच गोष्ट रचनेत आणली. पत्र कोणाला लिहिले आहे यावर ते लिहिणारे माणूस बदलते. एकीला मोकळेपणाने सांगितलेले दुसऱ्याला लिहिताना आवरते घेतले जाते. वाचक दोन्ही पत्रे वाचतो, पात्रे मात्र एकेकच वाचतात. त्या मानाने वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ची (१९५९) गोष्ट निराळी. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापल्या तोंडाने सांगतात. कल्पना उत्तम आहे, आणि कादंबरीची लोकप्रियता पाहता ती वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. १९७४ चे ज्ञानपीठही तिला मिळाले. पण तिघांच्याही तोंडी खांडेकरांचीच अलंकारांनी नटलेली भाषा आहे. राजा, शुक्राचार्यांची हट्टी मुलगी आणि दासी झालेली राजकन्या एकाच घाटाच्या वाक्यांत विचार करतात. निवेदक तीन झाले, माणसे तीन झाली नाहीत. दृष्टिकोन बदलणे आणि आवाज बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक निवेदक घेऊन लिहिणाऱ्या आजच्या कादंबरीकारांचीही गाडी बहुधा इथेच अडते.

आवाज बदलायला मराठी इतकी सोयीची भाषा आहे, की ती सोय न वापरणे हा आळस म्हणावा लागेल. 'तू', 'तुम्ही', 'आपण', 'अरे', 'अगं', 'अहो', 'ए' यांतले कुठले संबोधन कोणासाठी, हे ठरवताच नाते अर्धे लिहून होते. नवऱ्याचे नाव न घेणारी बाई 'हे' म्हणते, शेजारणीजवळ 'आमच्याकडचे' म्हणते, आणि भांडणाच्या भरात एकदाच नाव घेते. ते 'एकदाच' कथेत कुठे ठेवायचे हे कथाकाराचे कसब. मोठ्या दिराला भावजी म्हणणारी वहिनी वाटणीच्या दिवशी त्यालाच 'तुम्ही लोक' म्हणू लागली, तर वकिलाचा कागद दाखवायची गरज उरत नाही. क्रियापदही बोलके. कोल्हापूरकडे बाई सहज 'मी आलो' म्हणते. पुण्यात नोकरीला लागल्यावर तीच कार्यालयात 'मी आले' म्हणते आणि घरी फोन लावला की पुन्हा 'आलो'. हा बदल नुसता नोंदवला, त्यावर भाष्य केले नाही, तर त्या बाईच्या दोन जगांमधला पूल वाचकाला दिसतो.

बोलीचा वापर मात्र मेकअपसारखा होऊ लागला की पात्र पुन्हा पुठ्ठ्याचे होते. गावाकडचा म्हणून प्रत्येकाच्या तोंडी तेच तमाशापटातले 'आवं', 'जावं', 'व्हय जी' घातले जाते. मग तो माणदेशचा, खानदेशचा की मराठवाड्याचा, काहीच कळत नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये वऱ्हाडी संवाद आहेत, पण ते वऱ्हाडचा रंग दाखवायला आणलेले नाहीत. नायिका कौतिक नवऱ्याशी, पोरांशी आणि गावाशी बोलते तेव्हा बोली तीच असते आणि धार वेगळी असते. तिचा नवरा महादेव शिंपी आहे. त्याच्यात धमक नाही, कामाचा कंटाळा आहे, आणि घराचा गाडा कौतिकच्या खांद्यावर आहे. दुसऱ्या कुणा लेखकाने त्याला व्यसनी, मारकुटा केले असते आणि कौतिकला देवी. शेळके यांनी तसे केले नाही. महादेवाचा राग येतो, आणि पुढे रोगाने त्याचे हातपाय झडू लागतात तेव्हा त्याचीच कणव येते. कौतिकचा अभिमान वाटतो, आणि तिच्या जिभेचा चटकाही लागतो. तिचा कणखरपणा नवऱ्याच्या दुबळेपणावर पोसलेला आहे की त्याचा दुबळेपणा तिच्या कणखरपणावर, याचा निकाल कादंबरी देत नाही. दोघे एकमेकांना आकार देतात. त्यांना सुटे करून त्यांच्यावर दोन स्वतंत्र टिपणे लिहिता येणार नाहीत, आणि हीच त्या लेखनाची ताकद.

आता एक छोटी गोष्ट, छोटी म्हणूनच जवळून पाहण्यासारखी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये धर्मा रामोशी आहे. अंगावर चिंधी गुंडाळलेला, म्हातारा, दारिद्र्याने पिचलेला. सांगणारा त्याला धोतर देतो. पुढे भेटतो तेव्हाही धर्मा त्याच जुन्या चिंधीत. दिलेले धोतर गेले कुठे? विकले, की दारूत घातले? मनात यायचा तो संशय येतोच. मग उलगडते, की तरण्या लेकीला नेसायला लुगडे नव्हते, म्हणून बापाने धोतर तिला दिले. या गोष्टीत धर्माचा स्वभाव एका शब्दानेही सांगितलेला नाही. तो देणाऱ्यापुढे एक आहे आणि लेकीपुढे एक. दोहोंच्या मध्ये एक धोतर आहे. शिवाय संशय घेणारा निवेदकही त्या क्षणी उघडा पडतो, ही माडगूळकरांची खरी कमाई. नात्यातून पात्र उभे करायचे म्हटले की समोरच्याचीही सुटका होत नाही.

जिथे समाजच माणसाला वेगवेगळ्या लोकांपुढे वेगळे व्हायला भाग पाडतो, तिथे हे सगळे जिवावर बेतते. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. त्यानंतर त्याच्या प्रत्येक साध्या संभाषणाच्या खाली दुसरे संभाषण चालू राहते. नाव काय, गाव कोणते, जेवलात का, हे रोजचे प्रश्नही सापळ्यासारखे होतात. मध्यमवर्गीय कथेत पात्राच्या 'अंतर्मनाचा' जो गाजावाजा होत होता, तो बागुलांना लागलाच नाही. बाहेरच्या माणसाने विचारलेला प्रश्न आणि आतून न दिलेले उत्तर, एवढ्यात अंतर्मन उभे राहते. आडनावाचा प्रश्न मराठी कथाकाराला टाळता येत नाही तो याचसाठी. कुलकर्णी, जाधव, कांबळे, शेख, डिसोझा यांपैकी काहीही लिहिले की वाचक जात, धर्म, प्रदेश आणि अर्धे चरित्र स्वतःच भरतो. काही लेखक म्हणून आडनावच देत नाहीत. ही युक्ती एखाद्या कथेत शोभते. सवय झाली की सगळी पात्रे हवेत तरंगू लागतात. आडनाव द्यावे, आणि वाचकाने त्यावरून भरलेले चरित्र पुढच्या दोन पानांत चुकीचे ठरवावे.

शरीराच्या वर्णनालाही हाच नियम लागतो. गोरापान रंग, धारदार नाक, पाणीदार डोळे अशी यादी एके काळी मराठी कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात यायची, ना. सी. फडके यांच्या तंत्रशुद्ध कथानकांतही नायक-नायिका देखणी असणे हा जणू नियमच होता. यादी कोणाच्याच नजरेची नसते, म्हणून ती कोणालाच दिसत नाही. टॉलस्टॉयच्या 'ॲना करेनिना'मध्ये ॲना मॉस्कोहून परतते. तिकडे तिची व्रॉन्स्कीशी गाठ पडलेली आहे. पीटर्सबर्गच्या स्टेशनावर नवरा करेनिन घ्यायला आलेला, आणि तिला पहिल्यांदाच त्याचे कान खटकतात. कान आठ वर्षे तेच आहेत. बघणारी बदलली आहे. एका अवयवात दोन पात्रांची माहिती आली. पुढे ती मरणाच्या दारात पडलेली असताना हाच कोरडा, सरकारी माणूस रडतो, तिला क्षमा करतो आणि तिच्या प्रियकरालाही. वाचक चकित होतो आणि त्याला पटतेही. फॉर्स्टरच्या कसोटीला हा प्रसंग पुरेपूर उतरतो. तो का पटतो, हे मात्र फॉर्स्टरवरून कळत नाही. तो पटतो कारण तोवर करेनिनला वाचकाने कचेरीत, मेजवानीत आणि बायकोच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, पण मरणापुढे पाहिलेले नसते. समोरचे बदलले तेव्हा तोही बदलला.

हे सगळे मोठ्यांचे झाले. नव्या लेखकाच्या टेबलावर ते कसे उतरते, हे एखाद्या कच्च्या उदाहरणावर पाहिलेले बरे.

समजा, एसटीचा एक वाहक आहे, नाव दत्ता. माहितीपत्रिका भरली तर वय ४४, बारावी पास, दोन मुली, आगार तालुक्याचे, आठवड्यातून तीनदा रात्रवस्तीची गाडी. एवढ्याने काहीच हलत नाही. आता त्याला माणसांपुढे उभा करावे. पायरीवर अडखळलेल्या म्हातारीला तो म्हणतो, "दमानं, आजी, गाडी कुठं पळून चाललीय?" दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोराला, "मागं सरक रे, मागं रिकामंय." आगार व्यवस्थापकापुढे फक्त, "हो साहेब." चालकाबरोबर पंधरा वर्षे जोडी, तिथे शब्द लागत नाहीत; घंटीची दोरी दोनदा ओढली की गाडी निघते. आणि फोनवर बहिणीला, "बघतो." पाच माणसे, पाच दत्ता. पहिले चार कोणालाही सुचतील. कथा पाचव्यात आहे, कारण त्या एका शब्दाला मागचा-पुढचा काही हिशेब आहे.

हिशेब असा, की चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या दवाखान्याच्या वेळी बहिणीने आपल्या पाटल्या गहाण ठेवून पैसे दिले. ते अजून फिटलेले नाहीत. या माहितीचे काय करायचे, इथे कथाकाराची पारख होते. पूर्वपीठिकेचा एक परिच्छेद लिहून दवाखाना, पाटल्या आणि दत्ताची टोचणी सगळे सांगून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याऐवजी त्याच्या कामात डोकवावे. वाहकाजवळ सुटे नसले की उरलेली बाकी तो तिकिटाच्या मागे पेनाने लिहून देतो आणि उतरताना मागून घ्यायला सांगतो. पुष्कळ प्रवासी विसरतात. दत्ता विसरत नाही. चार रुपये बाकी असलेला माणूस तसाच उतरून चालू लागला तर हा खिडकीतून हाका मारतो, गाडी थांबवून धरतो, चालक वैतागतो. परक्याच्या चार रुपयांना इतका जागणारा माणूस बहिणीच्या पाटल्यांना 'बघतो' म्हणतो. हा विरोध गुणदोषांच्या भेळेसारखा वरून शिंपडलेला नाही. दोन्ही एकाच मुळातून येतात. चार रुपये फेडता येतात म्हणून तो ते फेडतो. जे फेडता येत नाही त्याची भरपाई तो खिडकीतून हाका मारून करत असावा. 'असावा' एवढेच, लेखकानेही याहून जास्त खात्रीने जाणू नये.

आता कथानक. भरीव पात्राकडून कथानक काढायची सोपी रीत म्हणजे वेगळी ठेवलेली दोन नाती एका जागी आणणे. एके दिवशी बहीण त्याच्याच गाडीत चढते. गाडी भरलेली. तपासणी पथक वाटेत कुठेही चढू शकते, त्यामुळे सख्खी बहीण असली तरी तिकीट फाडणे भाग आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा रक्कम थोडी. ती शंभराची नोट पुढे करते. दत्ता बॅगेत हात घालतो. सुटे नाहीत. सगळ्या गाडीसमोर तो पेन काढतो, तिकीट उलटे करतो आणि बहिणीच्या तिकिटामागे बाकी लिहून तिच्या हातात देतो.

इथून पुढे लिहिणाऱ्याप्रमाणे वाटा फुटतात. कोणी बहिणीला हसू आणील. कोणी तिला ते तिकीट जपून पर्समध्ये ठेवायला लावील. कोणी दत्ताला तिचे गाव येण्याआधी दोन थांबे सुटे गोळा करत फिरवील. ज्या लेखकाला बहिणीचेही पाच चेहरे माहीत आहेत, ती नवऱ्याला पाटल्यांबद्दल काय सांगून बसली आहे हे ज्याने ठरवले आहे, त्याला योग्य वाट लगेच दिसेल. ज्याने बहिणीला केवळ 'सोशिक' ठरवून ठेवले, त्याची कथा शंभराच्या नोटेपाशीच अडून बसेल. दुय्यम पात्र पातळ राहिले की मुख्य पात्राला टेकायला भिंत उरत नाही, हा अनुभव कच्च्या कथांच्या प्रत्येक गठ्ठ्यात येतो.

म्हणजे कथेतला प्रत्येक माणूस भरीवच हवा, असा आग्रह धरणे मात्र वेडेपणाचे. त्या गाडीतला तिकीट मागणारा विसावा प्रवासी, बाजूने जाणारा दूधवाला, लग्नातला फोटोग्राफर यांना एक रेघ पुरते. विनोदात तर सपाट पात्र हेच भांडवल असते. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दर गोष्टीत तसाच भित्रा आणि तसाच फजिती करून घेणारा निघतो, म्हणूनच पुढच्या गोष्टीची वाट पाहावीशी वाटते. त्याच्या जोडीच्या गुंड्याभाऊला अंतर्मुख केले तर वाचक पुस्तकच परत करील. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मध्ये एक वेगळा मार्ग दिसतो. तिथली बहुतेक माणसे सुरुवातीला एका खुबीवर उभी असतात. नारायण लग्नघरात सगळ्यांना हवा, प्रत्येकाच्या तोंडी त्याचेच नाव. पानभर हसवून झाल्यावर लेखक त्याला लग्न उरकल्यानंतर दाखवतो, जेव्हा तो कोणालाच आठवत नाही. खुबी तीच राहते, समोरची माणसे तेवढी नाहीशी होतात. सपाट चित्राला क्षणभर पाठ फुटते आणि लेख संपतो. हे जमायला लेखकाला नेमके थांबता आले पाहिजे. दोन ओळी जास्त झाल्या की गळा काढल्यासारखे वाटते, आणि पु. लं.चे अनुकरण करणारे बहुतेक या दोन ओळींतच घसरले.

लेखकाच्या मताचा मुद्दा उरतो. पात्र आवडते असले की लेखक त्याची वकिली करतो, नावडते असले की शिक्षा देतो. समाजसुधारणेच्या हेतूने लिहिलेल्या मराठी कथेत ही खोड शंभर वर्षांची आहे आणि आजच्या पुरोगामी कथेतही ती गेलेली नाही; फक्त आरोपी बदलले. सासूच्या जागी राजकारणी आला, त्याच्या जागी आता बांधकाम व्यावसायिक आहे. उपाय मोठा नाही. ज्याला शिक्षा द्यायची त्याला अशा एका माणसासमोर उभे करावे ज्याच्यापुढे तो खोटे बोलत नाही. असा एकही माणूस त्याच्यासाठी सापडत नसेल, तर लेखकाने त्याला अजून पाहिलेलेच नाही, असे समजावे आणि तोवर लेखणी खाली ठेवावी.

पाहण्याचे काम घरात बसून होत नाही. या संमेलनाला आलेल्यांपैकी बरेच जण आज रात्री किंवा उद्या सकाळी एसटीनेच परतणार आहेत. नवोदितांना विनंती एवढीच, की खिडकी सोडावी आणि वाहकाच्या आसनाशेजारची जागा धरावी. मोबाइल पिशवीत ठेवावा. शेवटच्या थांब्यापर्यंत तो किती जणांशी किती तऱ्हांनी बोलतो, ते मोजावे.